अर्ध्या पटावरचा राजा

१

छोटीनं हत्ती उचलला आणि गेल्या वेळच्या विजेतीच्या राजासमोरच्या प्याद्यावर नेऊन ठेवला. सभागृहात कुणीतरी न राहवून "अरे!" म्हणालं, आणि मावशीला अगदी धन्य वाटलं. या एका "अरे"साठी तर घरातली चार माणसं वर्षभर खपली होती. हत्ती चक्क फुकट द्यायचा आणि समोरच्याची झोप उडवायची, अशी ती खेळी होती. आजवर कुणी खेळलेली नव्हती, कुठं छापून आलेली नव्हती. मावशीला बुद्धिबळातलं सोंगट्या कशा चालतात एवढंच कळायचं, पण विजेती आता डोकं धरून बसणार हे तिला पक्कं सांगितलेलं होतं.

विजेतीनं डोकं धरलं नाही. ती पाण्याचा पेला तोंडाला लावत होती. एका हातात पेला तसाच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं आपला राजा उचलला, शेजारच्या कोपऱ्यात ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं आणि मग पाणी प्यायली.

छोटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पटाकडे पाहिलंच नाही. मान वळवून ती सभागृहात बघायला लागली, जिथं तिची माणसं बसली होती तिथं. आधी सरांकडे, मग यंत्रवाल्याकडे, आणि सगळ्यात जास्त वेळ आपल्या दादाकडे.  पोरगी हरणार हे मावशीला तिथंच कळलं, आणि हरण्यापेक्षा वाईट काहीतरी पुढं वाढून ठेवलंय हेही कळलं.

२

"आपल्यातल्याच कुणीतरी घर फोडलंय," हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या छोटी म्हणाली.

रोज डाव संपला की ही मंडळी आधी पट मांडायची, कुठं चुकलं ते बघायची, मग जेवायची. त्या संध्याकाळी पटाला कुणी हात लावला नाही. छोटी पलंगाच्या कडेवर ताठ बसली होती. सर, म्हणजे तिचे पहिल्यापासूनचे प्रशिक्षक, खुर्चीत मिटल्या ओठांनी बसले होते. त्यांच्या टेबलावर त्यांचा तो जगप्रसिद्ध अर्धा पट होता. जुन्या लाकडी पटाचा मधोमध करवतीनं कापलेला तुकडा. सर तो जाईल तिथं सोबत नेत आणि त्यावर चहाचा कप ठेवत. घरात त्यावरून पुष्कळ थट्टा चाले. आज कुणी थट्टा केली नाही.

"ती खेळी पुरती चौघांनाच माहीत होती," छोटी म्हणाली. "मला, सरांना, यंत्रवाल्याला आणि दादाला. तिनं एक क्षण विचार केला नाही. पाणी पिता पिता उत्तर दिलं! याचा अर्थ काय होतो?"

यंत्रवाला चष्मा पुसायला लागला. तो संगणकावर खेळ्या तपासून द्यायचा, आणि गेल्या वर्षीपर्यंत हेच काम विजेतीकडे करायचा. "माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "माझं यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नसतं."

"तुमच्याकडे नाहीच बघत मी," छोटी म्हणाली. "दादा, आज सकाळी तू धुलाईखान्याच्या मागच्या दाराशी कुणाबरोबर उभा होतास?"

दादा बुटाची नाडी सोडायला वाकला.

"मी खिडकीतून पाहिलं. विजेतीचा सहायक होता. अर्धा तास! काय बोलत होतास?"

"मॅच संपली की सांगतो," दादा म्हणाला.

"मॅच संपलीच समज," छोटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "उद्या विश्रांतीचा दिवस आहे. उद्या चार वाजता गाडी बोलावते. तू घरी जा. परवाचा शेवटचा डाव मी एकटी खेळेन."

दादा उठला आणि निघून गेला. स्वतःचा खेळ सोडून गेली कित्येक वर्षं बहिणीच्या पटाशी बसलेला हा मुलगा. परवा छोटी जिंकली तर मॅच बरोबरीत येणार होती, निर्णायक छोट्या डावांना तोंड फुटणार होतं. पण मावशीला त्या क्षणी किताबाचं काही पडलं नव्हतं. दोन भावंडं तिच्या डोळ्यांदेखत तुटत होती, आणि एकदा गाडी सुटली की ती जोडायला कुणाच्या बापाला जमलं नसतं.

"चार वाजेपर्यंत मला वेळ दे," मावशी म्हणाली.

"तू काय करणार, मावशी?"

"जन्मभर जे केलं तेच."

३

मावशीनं जन्मभर विमा कंपनीत चोरीचे दावे तपासले होते. कुणी चोरी झाली म्हणून बोंब ठोकत आला की बाकीचे लोक काय गेलं ते विचारत. मावशी आधी बघायची, काय गेलं नाही. एकाच्या घरातला टीव्ही चोरानं नेला होता, पण त्यावरचं विणलेलं झाकण नीट घडी घालून ठेवलं होतं. मावशीनं झाकण पाहिलं, त्या गृहस्थांच्या बायकोकडे पाहिलं, आणि बाईंनी तिथंच कपाळाला हात लावला. टीव्ही बाईंच्या भावाकडे होता.

सकाळी न्याहारी झाल्या झाल्या तिनं यंत्रवाल्याला गाठलं. तो कालपासून फुरंगटूनच बसला होता.

"मला एक सांग," ती म्हणाली. "मी चोर आहे. तुझ्या यंत्रातलं सगळं मी चोरलंय. छोटीनं हत्ती दिला. आता मी काय खेळू?"

यंत्रवाला जरा खुलला. त्याला कुणी त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो लगेच माणसात यायचा. "सरळ हत्ती मारायचा," तो म्हणाला. "मग भरपूर धुमश्चक्री होते, पण नीट खेळलात तर बरोबरी. हे बघा, सगळ्यात वर तेच आहे."

"आणि राजा कोपऱ्यात नेला तर?"

"तर हरलात." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "छोटीचा हा घोडा बघा. पटाच्या पार डाव्या बाजूला निवांत उभा आहे. राजा कोपऱ्यात गेला की हा मध्यावर उडी मारतो आणि खेळ खल्लास. आम्ही ते तपासलंय. म्हणजे दादानं तपासलंय. मी म्हटलं, असं कोण खेळणार? तर म्हणाला, कुणी खेळलंच तर? छोटीकडून दोनदा सोडवूनही घेतलं."

मावशीनं चष्मा काढला आणि परत घातला. "म्हणजे काल विजेतीनं जी खेळी केली, ती चुकीची होती?"

"चुकीची म्हणजे घोडचूक."

"आणि हे तू काल का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं का?" यंत्रवाला म्हणाला. "सगळे चोर शोधत होते. आणि चोर म्हणून नंबर लागेल म्हणून मी गप्प बसलो. विजेतीचं मीठ खाल्लेला माणूस मी."

मावशी खुर्चीत मागे रेलली. चोरानं तिजोरी उघडली, आणि आतलं सोनं सोडून दाराची कडी घेऊन गेला? जो मजकूर चोरला त्यातच लिहिलंय की ही खेळी केली तर मरशील, आणि तीच खेळी पाणी पिता पिता केली?

"मुद्दाम हुलकावणी दिली असेल का?" तिनं विचारलं.

"एवढ्या मोठ्या डावात मुद्दाम हरायची खेळी कोण करेल, मावशी?"

म्हणजे चोरी झालीच नव्हती. मग विजेतीला उत्तर ठाऊक होतं ते कुठून? आणि तेही चुकीचं?

४

दादा खोलीत बॅग भरत होता. शर्टांच्या घड्या इतक्या नीट घालत होता की मावशीला त्याच्या आईची आठवण झाली. तिची ही मोठी बहीणसुद्धा रागावली की घर आवरायला घ्यायची.

"तू तो घोडा तपासला होतास," मावशी म्हणाली.

दादाचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्यानं. काल तू तिथं बसला होतास तेव्हा तुला घोडा दिसत होता ना?"

"दिसत होता?" दादा मटकन पलंगावर बसला. "मावशी, मी आतल्या आत ओरडत होतो. घोडा, छोटी, घोडा! तिनं एकदा खाली पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. आणि मला वाटलं, ती घाबरलीय, धीर मागतेय. मी हसलो तिच्याकडे बघून."

"हसलास?"

"धीर द्यायला!"

मावशीनं डोळे मिटले. पोरगी चोर शोधतेय आणि चोर समोर बसून गोड हसतोय, असं चित्र झालं होतं. "धन्य आहे तुझी," ती म्हणाली. "मग रात्री तिला हे का नाही बोललास?"

"काय बोलू? तू जिंकत होतीस आणि तूच घालवलंस, असं? आधीच तिला वाटतंय मी विकला गेलोय. वर ते ऐकवलं असतं तर तिनं जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं."

"आणि तो धुलाईखान्यामागचा सहायक?"

दादानं शर्टाची बाही उगाच सरळ केली. मग हळूच म्हणाला, "त्याच्या बहिणीची शाळा आहे. मुलांना बुद्धिबळ शिकवायला माणूस हवाय. मी हो म्हटलंय. मॅच झाली की जाणार. छोटीला कसं सांगू तेच कळत नव्हतं. तिच्या डोक्यात खेळाशिवाय काही यायला नको होतं."

"आलं ना मग!" मावशी म्हणाली. तिला त्याला एक धपाटा घालावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं. "बॅग भरू नकोस. निदान तो निळा शर्ट बाहेर ठेव, उद्याला लागेल."

बाहेर येताना मात्र ती अडखळली. दादा सुटला होता, यंत्रवाला सुटला होता. उरले होते फक्त सर.

५

सर खिडकीशी बसून चहा पीत होते. मावशीनं आडवळणं घेतली नाहीत.

"सर, ती हत्तीची खेळी तुम्हाला सुचली कशी?"

"आंघोळ करताना," सर म्हणाले. "अचानक सगळं डोळ्यांपुढं आलं. ओला टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि मांडून बघितलं."

"कसं मांडलंत? मला दाखवा."

सरांनी कप उचलून खिडकीत ठेवला, अर्धा पट रुमालानं पुसला आणि त्यावर भराभर सोंगट्या मांडल्या. राजा, त्याच्यासमोरची प्यादी, पांढरा हत्ती, वजीर. मावशी बघत राहिली. सरांची बोटं किती सहज चालली होती! विचार करावा लागतच नव्हता.

"बाकीच्या सोंगट्या?" तिनं विचारलं.

"त्या डाव्या बाजूला. त्यांना इथं जागा नाही. हल्ला सगळा याच बाजूला आहे ना."

"आता मी राजा कोपऱ्यात नेते," मावशी म्हणाली आणि तिनं नेला.

"मग हल्ला संपला. बचाव करणाऱ्याला पूर्ण गुण," सर म्हणाले.

 चहाकडे निघालेला त्यांचा हात तसाच राहिला.

"काय म्हणालात, सर?"

"मी... पूर्ण गुण असं का म्हणालो मी?" सरांनी पटाकडे पाहिलं, मग मावशीकडे. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "हे मी नाही बोललो, बाई. हा दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आहे."

"हा पट कुणाचा होता?"

"आमच्या मास्तरांचा," सर म्हणाले.

"आणि तुमच्याबरोबर मास्तरांकडे आणखी कोण शिकायचं?"

 सरांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. हॉटेलच्या बागेत, बाकावर, गळ्याला मफलर गुंडाळलेले एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. ते विजेतीचे प्रशिक्षक होते. सरांचं आणि त्यांचं गेल्या कित्येक वर्षांत एका शब्दाचंही बोलणं नव्हतं.

६

मावशी अर्धा पट काखेत मारून बागेत गेली. बाकावर मफलरवाल्यांच्या शेजारी बसली, पट मध्ये ठेवला आणि सरांनी मांडल्या तशा सोंगट्या मांडल्या. 

मफलरवाल्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. पटाकडे पाहिलं, आणि सोंगटीला हात न लावता म्हणाले, "राजा कोपऱ्यात. पूर्ण गुण." मग त्यांच्या भुवया वर चढल्या. "हा... हा अजून आहे त्याच्याकडे?"

"त्यावर चहा ठेवतात," मावशी म्हणाली.

"चहा?" मफलरवाले उसळले. "मास्तरांच्या पटावर चहा? म्हणून मी म्हणत होतो तो मला मिळायला हवा होता. मास्तर गेले तेव्हा केवढं आकांडतांडव केलं त्यानं! आणि आता त्यावर कप ठेवतो!"

"एवढ्यासाठी बोलत नाही तुम्ही दोघं?"

मफलरवाले जरा ओशाळले. मग त्यांनी सांगितलं. मास्तरांकडे मुलं फार आणि पट एकच. शेवटी त्यांनी पट मधोमध कापला आणि दोन्ही तुकड्यांवर एकेक कोडं मांडायला सुरुवात केली. दोन मुलांची जोडी लावायची, एकाला हल्ला आणि दुसऱ्याला बचाव. सर तापट, म्हणून त्यांना नेहमी हल्ला. मफलरवाले भित्रे, म्हणून त्यांना नेहमी बचाव. दुसरा तुकडा पुढं कुठं गेला देव जाणे, पण कोडी दोघांच्याही हाडात भिनली.

"आणि तुम्ही तीच कोडी विजेतीला शिकवलीत."

"लहानपणी. कागदावर अर्धा पट काढून. काल हत्ती पडला आणि तिला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं, असं म्हणाली. गंमत म्हणजे आम्ही ते कधी पुऱ्या पटावर मांडून पाहिलंच नव्हतं." मफलरवाल्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, एक विचारू? डाव संपल्यावर आमच्या संगणकानं डाव्या बाजूचा घोडा दाखवला.  आम्ही कालपासून एकच विचार करतोय, तुमच्या मुलीनं घोडा का नाही खेळला? तिला दिसला नसेल हे शक्यच नाही. काय डाव आहे तुमचा?"

मावशी हसली. कालपासून पहिल्यांदा मनापासून हसली. इकडं हे चोर शोधत बसले होते आणि तिकडं ते कट शोधत बसले होते.

"कसला डाव?" ती म्हणाली. "ती घोड्याकडं बघतच नव्हती. ती आमच्याकडं बघत होती."

तिनं सोंगट्या गोळा केल्या. तेवढ्यात हॉटेलच्या दाराशी गाडी येऊन थांबली. छोटीनं ती वेळेआधीच मागवली होती, आणि दादा बॅग घेऊन पायऱ्या उतरत होता. मावशीचं ऐकेल तो दादा कसला!

७

"थांब!" मावशी बागेतूनच ओरडली. छोटी वरच्या सज्जात उभी होती. ओरडण्यानं तीही खाली आली, सरही आले, आणि यंत्रवाला चष्मा सावरत मागून आला. मागे मफलरवाले उभे राहिले, थोडे लांब, पण कान टवकारून.

मावशीनं हॉटेलच्या पायरीवर अर्धा पट ठेवला. "चोर सापडला," ती म्हणाली. "हा बघा."

मग तिनं सगळं सांगितलं. सरांना आंघोळ करताना सुचलेली खेळी ही मास्तरांनी शिकवलेली होती, सरांना फक्त आठवलं नव्हतं की आपण ती आठवतोय. हल्ला सरांच्या वाट्याला आला होता आणि बचाव समोरच्यांच्या. पण मास्तरांच्या पटाला डावी बाजूच नव्हती, म्हणून तिथं राजा कोपऱ्यात सुरक्षित होता. काल समोर पुरा पट होता, आणि त्यावर घोडा होता.

"कुठला घोडा?" छोटी म्हणाली. आणि लगेच तिचा हात तोंडावर गेला. तो डावीकडचा घोडा तिला दिसला. दादानं दोनदा सोडवून घेतलेला. "म्हणजे मी जिंकत होते?"

"जिंकत होतीस," दादा म्हणाला.

"आणि मी मान वर करून तुला चोर ठरवत बसले."

"मी पण बावळटासारखा हसलो."

छोटी रडायला लागली. पण ते रडणं कालच्यासारखं नव्हतं. त्यात हसू मिसळलेलं होतं आणि नाक ओढणं होतं. "मग तो सहायक? अर्धा तास?"

"नोकरी," दादा म्हणाला. "मुलांना शिकवायची. मॅच झाली की मी जाणार आहे, छोटी. रागावू नकोस."

  छोटीनं भावाच्या दंडावर एक गुद्दा मारला.

"मूर्खा! मला किती दिवस वाटतंय की माझ्यापायी तुझं आयुष्य पटाशी खिळून राहिलंय. विचारायची हिंमत नव्हती. सांगायचं ना मग!" आणि तिनं दादाची बॅग उचलून परत पायऱ्या चढायला सुरुवात केली. बॅग जड होती. दोन पायऱ्यांवर ती थांबली, आणि दादानं दुसऱ्या बाजूनं हात लावला.

मावशीचा जीव भांड्यात पडला. गाडीवाला हात हलवत विचारत होता की कुणी येणार आहे की नाही.

"थांबा जरा," असं गाडीवाल्याला सांगायला पुढं झालेले सर मध्येच थांबले, कारण मफलरवाले त्यांच्याकडेच येत होते. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"चहा ठेवतोस त्यावर?" मफलरवाले म्हणाले.

"बशी ठेवून," सर म्हणाले.

"निदान बशी तरी. चल, बाजारात. चहासाठी दुसरी फळी घेऊ तुला." आणि ते दोघं त्याच गाडीत बसून गेले. यंत्रवाला म्हणाला, हे तर खेळाच्या नियमात बसत नाही. मावशी म्हणाली, तू गप्प बस, आता मी विचारीन तेव्हाच बोल.

शेवटच्या डावाला सभागृह गच्च भरलं होतं. दादा नेहमीच्या खुर्चीत बसला, निळा शर्ट घालून. मावशी त्याच्या शेजारी. विजेती या वेळी पाण्याला हात लावत नव्हती. प्रत्येक खेळीला ती पुरा पट डावीकडून उजवीकडे बघत होती आणि मगच हात उचलत होती. छोटीही विचार करत होती. घड्याळं चालत होती. मावशीला खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून ती फक्त छोटीची मान बघत होती.

डाव लांबला. मध्ये एकदा विजेतीनं काहीतरी भयंकर केलं असावं, कारण लोक कुजबुजले आणि दादानं मावशीचा हात घट्ट धरला. छोटीची मान हलली नाही. पुढं छोटीनं काहीतरी केलं आणि लोक पुन्हा कुजबुजले. तरी मान हलली नाही. तासन्‌तास त्या पोरीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मागं कोण आहे हे तिला ठाऊक होतं.

मग विजेतीनं आपला राजा आडवा केला आणि हात पुढं केला. छोटी जिंकली होती, मॅच बरोबरीत आली होती, आता छोटे डाव. छोटीनं हात मिळवला, कागदावर सही केली, पेन नीट बंद केलं. आणि मग ती वळली, आणि भरल्या सभागृहात तिनं एकाच खुर्चीकडे पाहिलं.

या वेळी दादा हसला नाही. तो रडत होता. हसली ती छोटी.